हो, समजलं

सोमवार, ४ मार्च

नवी वही, नवी नोकरी, नवं शहर. जिंजू शहरातल्या दुरुस्तीच्या दुकानात सात वर्षं लोकांच्या संगणकांतली धूळ खाल्ल्यावर आज मी, मा ह्येरान, बुसानच्या बंदरासमोरच्या एका जहाज-एजंटाच्या कचेरीत रुजू झाले. पाचवा मजला. खिडकीतून क्रेनच्या माना, रंगीत पेट्यांचे ढीग आणि मागे समुद्र. एकदम मोकळं वाटलं. कचेरीतले सगळे संगणक सांभाळायचे, तीन महिने नीट काढले की कायम.

विभागप्रमुख बांग साहेबांनी काचेच्या खोलीत बसवून कॉफी पाजली. म्हणाले, आमच्याकडे आरडाओरडा नाही, सगळं काम मेसेंजरवर, शांतपणे. मोबाइल सकाळी दाराशी खोक्यात ठेवायचा, संध्याकाळी घ्यायचा. दुपारी तीन ते सहा जहाजांचे कागद बंद करायची वेळ, तेव्हा कुणी जागेवरून उठत नाही. मी म्हटलं, हरकत नाही.

दुपारी सगळ्यांनी मिळून डुकराच्या रश्शातला भात खाल्ला. माझ्या पुढच्याच टेबलावरच्या छुताईने तिच्या वाटणीचा कोळंबीचा खार माझ्या वाटीत ओतला आणि सांगितलं की इथे टिकायचं तर पोट भरलेलं हवं. पन्नाशीची, जाडजूड, हसरी बाई. आवडली मला.

दिवसभर पडद्यांशी झटापट असते, म्हणून ही वही कागदाची. हिला पासवर्ड लागत नाही.

मंगळवार, ५ मार्च

मला राग पटकन येतो. आईच्या मते नाकावरच बसलेला असतो. आज दुसऱ्याच दिवशी आला, म्हणून लिहून ठेवते.

ही माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत! छुताईला माझ्याकडून स्टेपलर हवा होता. हात लांब केला असता तर मिळाला असता. बाईने मेसेंजरवर लिहिलं. मी म्हटलं, अगं ताई, मी इथेच आहे. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि काचेच्या खोलीकडे डोळे फिरवले.

बांग साहेब ग्रुपवर काही टाकतात, की सगळेच्या सगळे लिहितात : हो, समजलं. साहेबांनी हवामान टाकलं तरी हो, समजलं. प्रत्येक संदेशाशेजारी आकडा असतो, किती जणांनी अजून वाचलं नाही त्याचा. मी ओळख करून देणारा संदेश टाकला. आकडा चौदावरून धडाधड उतरला आणि एकवर येऊन थांबला. संध्याकाळपर्यंत तसाच. कोण हा शहाणा, जो नव्या माणसाचं दोन ओळींचं लिहिणंही वाचत नाही?

जागा मला सर्वांत मागची मिळाली. पुढच्या सगळ्यांची तोंडं खिडकीकडे, साहेबांचंही. मला दिसतात त्या नुसत्या पाठी. मोजल्या, तेरा. आणि माझ्या टेबलावरचा संगणक म्हणजे एक दिव्य आहे. दुपारी त्याचा पंखा असा सुटतो की दम लागलेल्या म्हाताऱ्याशेजारी बसल्यासारखं वाटतं. वर हात ठेवला तर चटका बसतो.

गुरुवार, ७ मार्च

तीन दिवस त्या यंत्रामागे लागले आणि चोर सापडला. मेसेंजर! एकटा तो प्रोसेसरची नव्वद टक्के ताकद खातोय.

गप्पा मारायच्या साध्या खिडकीला एवढं खायला कशाला लागतं, असं लोक विचारतात. अहो, ती साधी खिडकी कुठे राहिलीय? आत अख्खा ब्राउझर कोंबलेला असतो. वर ती नाचणारी अस्वलं आणि रडणारे बटाटे, हलतं चित्र म्हणजे प्रत्येक क्षणी नव्याने काढायचं चित्र. शोध पटकन लागावा म्हणून सहा वर्षांचे संदेश पुन्हा पुन्हा चाळून यादी करायची. तो एकेक फाइल उघडतो तेवढ्यात विषाणू शोधणारा प्रोग्राम तीच फाइल तपासायला धावतो, म्हणजे एका दारातून दोघांची ढकलाढकली. आणि चित्रांचं काम चित्रांच्या चिपला द्यायची खूण कुणीतरी काढून ठेवलेली, म्हणून ते ओझंही प्रोसेसरच्याच डोक्यावर.

एकेक निस्तरलं. अस्वलं बंद केली, जुनं गाठोडं बाजूला काढलं, तपासनिसाला त्या फोल्डरपासून लांब ठेवलं. नव्वदवरून तीन टक्के! दुपारी दोनला मी स्वतःवर इतकी खूश होते की कॉफीच्या दोन पुड्या एका कपात ओतल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी पंखा सुटला. अठ्ठ्याण्णव टक्के. बरोबर सहाला गप्प झाला.

संध्याकाळी उतरताना तळमजल्यावर, इमारतीच्या दाराजवळच्या बाकावर एक बाई बसलेल्या दिसल्या. मांडीवर फडक्यात बांधलेला डबा. छुताई त्यांना बघून मागच्या जिन्याने गेली.

सोमवार, ११ मार्च

बांग साहेबांनी बोलावलं. त्यांना संदेशाशेजारी उरलेला आकडा बघवत नाही. कुणी लघवीला गेलं, कुणी डुलकी काढली, की साहेबांचा पारा चढतो. मी अशी काही सोय करू शकते का, की संदेश एक मिनिट न वाचलेला राहिला तर आपोआप वाचलेला धरला जावा आणि त्या माणसाच्या नावाने हो, समजलं, असं उत्तर जावं?

हसू आलं. पण करायला गंमत वाटली. दुपारपर्यंत तयार केलं आणि सगळ्यांच्या संगणकांवर बसवलं, माझ्याही. साहेब खोलीतून बाहेर आले आणि सर्वांसमोर म्हणाले की ही पोरगी कामाची आहे. तोंडाने म्हणाले! छुताईच्या मते सहा वर्षांत पहिल्यांदा.

कपाळ माझं. पण आज खूप बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

एवढं करूनही संदेशाशेजारचा तो एक गेलाच नाही.

बुधवार, १३ मार्च

ग्रुपमध्ये पंधरा नावं आहेत. कचेरीत माणसं चौदा. आज शेवटी छुताईला जेवताना धरलं. पंधरावी कोण?

तिने चमचा खाली ठेवला. सॉल मि-जॉंग. तेहतीस वर्षांची. गेल्या वर्षी मार्चमध्ये वारली. हृदय बंद पडलं. कुठे, विचारलं. ताई रश्शाकडे बघत म्हणाली, तुझ्या खुर्चीत.

दुपारी तीनच्या सुमारास. सगळे काम करत होते. सगळे तिला संदेश पाठवत होते. साहेबांनी कागद मागितला, पुन्हा मागितला, नुसतं प्रश्नचिन्ह पाठवलं, मग चिडून दहा प्रश्नचिन्हं. छुताईने स्वतः तीनदा जहाजाचे आकडे पाठवले आणि उत्तर नाही म्हणून चिडली. एकूण एक्केचाळीस संदेश गेले. शेजारचा एक हलत नव्हता. तीन तास. सहाला दिवे मालवायला वॉचमन आला, तेव्हा त्याने मागे बघितलं.

तेरा माणसं आणि एकानेही मान वळवली नाही! मी ताईला विचारलं, तू तिच्यापासून किती अंतरावर होतीस? ती म्हणाली, स्टेपलर मागते तेवढ्या.

मग नाव का काढलं नाही ग्रुपमधून? तर म्हणे, काढलं की सगळ्यांना दिसतं, अमक्याने सॉल मि-जॉंगला बाहेर काढलं. ते बटण कुणी दाबायचं? प्रत्येकाला वाटलं दुसरा दाबेल. म्हणून वर्षभर प्रत्येक संदेशाशेजारी तो एक. ती वाचत नाही म्हणून.

माझा भात तसाच राहिला. ताईचाही.

गुरुवार, १४ मार्च

बाकावरच्या बाई म्हणजे तिची आई. दर गुरुवारी तीनला येतात, सहापर्यंत बसतात. मासळीबाजारात ईल मासे सोलायचं काम आहे, गुरुवारी त्यांची सुट्टी. आज मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले. मावशी म्हटलं, तर त्यांनी डबाच उघडून पुढे केला. माशाचे तळलेले तुकडे. वर्षभर कुणी शेजारी बसलं नव्हतं म्हणाल्या.

कंपनीने त्यांना सांगितलंय की मि-जॉंगचं काम दुपारीच आटोपलं होतं, ती आराम करत होती, झोपेतच गेली, काही कळलंही नाही. मावशी म्हणाल्या, पोरी, माझी मुलगी बोट कापलं तरी मला फोन करायची. ती न बोलता जाणार नाही. २८ तारखेला वर्षश्राद्ध आहे. सगळं रांधीन, पण तिच्यापुढे वाकताना काय म्हणू? झोपेत गेलीस ना, असं म्हणू? ते खोटं असेल तर?

त्यांना फक्त तिचे शेवटचे शब्द हवे आहेत. कंपनी म्हणते, नोंदी पुसल्या गेल्या.

पुसल्या गेल्या! संगणकावरचं आपोआप काही पुसलं जात नाही. कुणीतरी पुसतं. मी मावशींना शब्द दिला.

मंगळवार, १९ मार्च

सापडलं. माझ्या यंत्रावर पडद्यामागे अजून तिचंच खातं उघडतं. कुणी बंदच केलं नव्हतं. आणि त्यात एक संदेश अडकलाय. न गेलेला.

माझ्या आधी संगणक सांभाळणाऱ्या माणसाने साहेबांच्या सांगण्यावरून ग्रुपला एक गाळणी बसवलीय. साहेबांचे संदेश सोडले तर तीन ते सहा या वेळात लिहिलेल्यांतून फक्त जहाजांचे आकडे आणि हो, समजलं, एवढंच पार जातं. बाकी सगळं फालतू बडबड म्हणून अडवायचं. संदेश गाळणीशी जातो, परत ढकलला जातो, मेसेंजर तो पुन्हा बांधतो, पुन्हा पाठवतो. मिनिटाला हजारदा. प्रोसेसर त्यापायीच तापतो.

लिहिल्याची वेळ तीन वाजून दहा. म्हणून गाळणी त्याला कधीच सोडणार नाही. पण वर्षभर रोज नेमक्या त्याच वेळी धडका का सुरू होतात, ते मला कळलेलं नाही. माझ्या विद्येत त्याला उत्तर नाही.

मजकूर कुलूपबंद आहे. साहेबांना किल्ली मागितली. त्यांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. म्हणाले, ते यंत्र भंगारात दे, नवं घे, आणि तीन महिने अजून संपलेले नाहीत हे ध्यानात ठेव. मी हो, समजलं म्हटलं. तोंडाने. जीभ चावून टाकावीशी वाटली.

डावा खांदा दुखतोय. यंत्रं उचलून असेल.

गुरुवार, २१ मार्च

कुलूप निघत नाही. मावशींना सांगितलं, पुढच्या गुरुवारी नक्की. त्या म्हणाल्या, श्राद्ध त्याच रात्री आहे बाळा, त्याच्या आत मिळालं तर बघ.

शुक्रवार, २२ मार्च

उघडलं. मोबाइल खोक्यात, छपाईला साहेबांची परवानगी लागते, म्हणून इथे हाताने उतरवून घेते. अक्षर न् अक्षर.

« छातीत खूप दुखतंय. उठता येत नाही. आवाज निघत नाही. कुणीतरी मागे वळून बघा. आईला फोन करा. — सॉल मि-जॉंग, ३:१० »

अडवलेला. कारण : फालतू बडबड.

मी संडासात जाऊन भिंतीवर मुठी आपटल्या. रडत नव्हते. संताप संताप झाला नुसता. ती हाक मारत होती! त्यांच्या पाठीमागे बसून, त्यांच्याच रीतीने, मेसेंजरवर!

परत आले तर खाली दुसरा संदेश अडकलेला. आजच्या तारखेचा. ३:१०.

« तू त्या खुर्चीत बसू नकोस. »

कीबोर्डला माझ्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. मी सगळी जोडणी दोनदा तपासली. बाहेरून कुणी आत नाही.

सोमवार, २५ मार्च

तीनला पाच कमी असताना मी गाळणी काढली. खुर्चीची ओळ माझ्यासाठी होती, ती आधी बाजूला काढली.

तीन-दहाला तिचा संदेश गेला. एक वर्षाने. पंधरा माणसांच्या ग्रुपवर, तिच्या नावाने. मी उठून उभी राहिले. म्हटलं, आता वळतील. आता कुणीतरी किंचाळेल.

आकडा चौदा. नऊ. चार. शून्य.

मग उत्तरं आली. हो, समजलं. हो, समजलं. हो, समजलं. तेरा वेळा.

एकही पाठ हलली नाही.

मला वाटलं, माझ्याच करामतीने दिली असतील. नोंद तपासली. चार उत्तरं यंत्राची. नऊ जणांनी स्वतः बोटांनी लिहिली. न वाचता! मी ओरडले, वाचलं का रे मेल्यांनो, काय लिहिलंय ते! तेव्हा वळले सगळे. छुताईने पडदा बघितला आणि पदरात तोंड लपवावं तसा स्वेटर तोंडावर ओढला. साहेब खोलीतून धावत आले.

पंखा बंद पडला होता. पहिल्यांदाच इतकी शांतता.

मंगळवार, २६ मार्च

साहेबांनी मुख्य कचेरीतून माणूस आणून सॉलचं खातं पुसलं. संदेश पुसला. गाळणी पुन्हा बसवली, माझी सोय तेवढी ठेवली. ग्रुपमधून तिचं नाव शेवटी गेलं, आणि काढणाऱ्याच्या जागी माझं नाव आहे. मा ह्येरान यांनी सॉल मि-जॉंगला बाहेर काढलं. साहेब मला म्हणाले, तुझ्याकडे पुरावा काय?

ही वही. पिशवीच्या तळाशी घातली.

शुक्रवारी मला काढणार. काढा. तोवर मावशींना भेटणार.

बुधवार, २७ मार्च

खांद्याचं दुखणं बोटांपर्यंत आलंय. छुताई म्हणाली, दवाखान्यात जा. शुक्रवारी जाईन.

३:१०. पुसलेल्या खात्याची खिडकी आपोआप उघडली. एकच ओळ.

« उद्या येऊ नकोस. »

मि-जॉंग, तुझ्या आईचा नंबर माझ्याकडे नाही गं. घर माहीत नाही. मासळीबाजारात शोधलं, सापडल्या नाहीत. त्या इथेच येणार. न येऊन कसं चालेल?

गुरुवार, २८ मार्च

घाम येतोय. खिडकी उघडी आहे तरी.

२:५८. जिन्यावरून वाकून बघितलं. मावशी आल्यात. पांढरे कपडे. मांडीवर डबा. लगेच गेले असते, बांग दारात उभा. जागेवर जा म्हणाला. बाद झालेल्या माणसाने तमाशा करू नये म्हणाला.

३:०७. बांग आत गेला. आता उठते. वही घेऊन सरळ खाली. अडवून तर बघ म्हणावं.

३:१०. पंखा. खातं पुसलंय, काहीच चालू नाही, तरी प्रोसेसर शंभर —

उठता येत नाही.

हाक मारली. तोंड उघडलं, आवाजच — छुताईच्या कानांत बोंडं, पंखा ऐकू नये म्हणून. दोन हातांवर आहे. कप ढकलला, गालिच्यावर पडला.

मेसेंजरवर लिहिलं. परत आलं. फालतू बडबड.

बांग विचारतोय — यादी कुठे आहे. एक मिनिट झालं. माझ्या नावाने उत्तर गेलं. हो, समजलं. मी हात लावला नाही. ती सोय — माझीच — तिच्या वेळी निदान एक उरायचा. माझा उरणारच नाही. कुणाला कळणार —

पुन्हा गेलं. हो, समजलं.

तेरा पाठी

उजवा हात चालतोय अजून. वही खाली टाकते. कागदाला गाळणी नाही. ज्याला सापडेल — बांगला देऊ नका — खाली बाकावर तिची आई, सहापर्यंतच — २२ तारखेचं पान — वाचून दाखवा — झोपेत नाही गेली, सांगा, हाक मारली होती तिने, आईला फोन करा म्हणत होती, आणि आम्ही —